आंबेरकरांची बाटली

आंबेरकर आमच्या झूलॉजीच्या लॅबमध्ये शिपाई.
मुलं त्यांना अमिबाकर म्हणायची, पाठीमागे.
त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

पहिल्या प्रॅक्टिकलला मी अर्धा तास मन लावून
एक हवेचा बुडबुडा काढला,
छान गोल, काळ्या जाड कडेचा.
सरांनी दहापैकी सात दिले.
सर पुढच्या टेबलाकडे गेल्यावर आंबेरकर हळूच म्हणाले,
"ताई, हा बुडबुडा. अमिबाला आपल्या कडेची एवढी खात्री नसते."

त्यांनी आरसा फिरवून उजेड कमी केला.
"डोळा लावा आणि थांबा. शोधू नका."

करड्या पाण्यात करडंच काहीतरी.
मग त्याचा एक कोपरा सरकला,
ताटात पेजेचा ओघळ सरकतो तसा,
आतले कण धावत त्या कोपऱ्यात शिरले
आणि कोपरा म्हणजेच तो झाला.
पाय हवा तेव्हा काढायचा,
नको तेव्हा पोटात घ्यायचा.
एका हिरव्या ठिपक्याला त्याने
दोन्ही बाजूंनी कवेत घेतलं.
मला वाटलं, माया.
"जेवतोय," आंबेरकर म्हणाले.

मे महिन्यात कॉलेज बंद, तेव्हा ते बाटली घरी न्यायचे,
काळाचौकीला, बसमध्ये मांडीवर धरून.
जॅमची बाटली, राणीच्या बागेतल्या कमळाच्या हौदाचं पाणी,
तळाशी चार उकडलेले तांदूळ.
एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं, "गंगाजल का हो?"
"त्याहून जुनं," म्हणाले, आणि स्टॉप आला.

आणि तो पिवळा गोळा.
श्रावणातली गोष्ट. कंपाउंडमध्ये पडलेल्या
पर्जन्यवृक्षाच्या ओंडक्यावर सुगंधाबाईंना दिसला.
"कोण मेलं ओकलंय इथं," म्हणत त्या फिनेल घेऊन आल्या.
आंबेरकर आडवे झाले. अक्षरशः.
भोवती चार विटा लावल्या, भिंग माझ्या हातात दिलं.

आत पिवळ्या शिरा, शिरांत पिवळा ओघ,
एका दिशेने वाहायचा, थबकायचा, उलटा फिरायचा.
मी घड्याळ लावलं: साधारण मिनिटभर पुढे,
मग जवळपास तितकाच मागे.
पुढे किंचित जास्त.
त्या किंचितावर त्याचा सगळा प्रवास.
मागे उरलेली रेघ गोगलगायीच्या रेघेसारखी.
"तिथं पुन्हा जाणार नाही तो," आंबेरकर म्हणाले,
"डोकं नाही ना, मग आठवण जमिनीवरच ठेवतो."

सकाळी विटांच्या आत काही नव्हतं.
रात्रीत तो भिंत चढून
'येथे लघवी करू नये' मधल्या 'नये' वर जाऊन बसला होता.
दोन दिवसांत पापडासारखा वाळला,
फुटला, आतून तपकिरी भुकटी.
सुगंधाबाईंनी बोट लावून पाहिलं.
"तपकीर," म्हणाल्या, आणि फिनेल परत नेलं.

आता अमिबा पडद्यावर दाखवतात, मोठा, रंगीत,
कुठेही थांबावं लागत नाही.

परवा आंबेरकरांच्या मुलाचा फोन आला.
बाबांचं तेरावं झालं. सामानात एक बाटली आहे,
वर तुमचं नाव. फेकू का?

आणली. बसमधून, मांडीवर.
चिठ्ठीवर माझ्या नावाखाली त्यांच्या अक्षरात:
'जून ७८ पासून चालू.'

एकाचे दोन होतात तेव्हा
आई कुठली, लेक कुठली, कुणी सांगावं.
प्रेत नाही, त्यामुळे सुतकही नाही.
म्हणजे ७८ सालचा तो अजून आत असेल,
असेल तर.
शेवटचे तांदूळ कुणी आणि कधी टाकले होते
ते मुलाला माहीत नाही.
पाणी चहासारखं झालंय.

भांडुपच्या स्वयंपाकघरात, कुकर चढवायच्या आधी,
एक थेंब काचेवर घेतला. उजेड कमी केला.

एक बुडबुडा. छान गोल.

कुकर राहू दे.
मी डोळा लावून बसले आहे.
शोधत नाहीये.